शरदातली ठेव

आश्विनाचा शुद्धपक्ष सरतो, पावसाचा मुक्काम हलतो, सातपाटीच्या खाडीपलीकडील आमच्या मुरबे गावी बोंबील वाळत घालण्याच्या वलांड्या उभ्या राहू लागतात, आणि त्याच सुमारास घरोघर दिवाळीच्या सफाईला आरंभ होतो. भिंती रंगतात, अंगणे सारवली जातात, वाडीतले गवत उपटले जाते, आणि पावसाळाभर माजलेल्या हिरवाईतील जे जे पिवळे पडले असेल ते ते कोयत्याखाली येऊन एकाच ढिगात जाऊन पडते. या ढिगातील बहुतेक भाग खरोखरच कचरा असतो. परंतु कंदवर्गीय झाडांची अर्धवट पिवळी पाने जेव्हा त्यात जातात, तेव्हा पुढील वर्षीच्या फुलांची जमा आपण आपल्याच हाताने खोडून टाकीत असतो.

हे मला पुस्तकातून नव्हे, घरच्या भुईचाफ्याने शिकविले. आजीने विहिरीच्या कडेला लावलेला तो भुईचाफा वैशाखाच्या रखरखाटात, जमिनीवर एक पानही नसताना, मातीला चीर पाडून वर येई. पांढऱ्या पाकळ्या, त्यांत जांभळी जीभ, आणि वाकून नाक जमिनीशी नेल्यावाचून न कळणारा मंद सुगंध. पाने नंतर, पावसाबरोबर येत. एका दिवाळीला अंगण लख्ख दिसावे म्हणून मी ती निम्मी हिरवी पाने बुडापासून कापली. पुढच्या वैशाखात एकही फूल आले नाही. मृगात चार बारीक पाने तेवढी वर आली, आणि माती उकरून पाहिली तो एरवी बोटभर जाडीचे असणारे मूलक्षोड करंगळीएवढे आक्रसले होते.

कारण साधे आहे. कंद म्हणजे झाडाचे कोठार. कांदा आणि लिली यांचा कंद मांसल पापुद्र्यांचा, ग्लॅडिओलसचा दृढकंद भरीव, सोनटक्का व भुईचाफा यांचे मूलक्षोड आडवे पसरणारे. रूप निराळे, कार्य एकच. पान उन्हात अन्न करते, ते पिठाच्या व साखरेच्या रूपाने खाली उतरते. आणि पान पिवळे होत जाते तेव्हा ते नुसते मरत नसते, तर स्वतःमधील नत्रासारखी मोलाची द्रव्येही मोडून कोठारात हवाली करीत असते. म्हणून पिवळे होणारे पान हे थकलेले पान नव्हे, हिशेब चुकता करणारे पान होय. ते पूर्ण वाळून, हलक्या हाताने ओढताच सुटेपर्यंत त्यास हात लावू नये, हा कंदांच्या बागेचा पहिला कायदा आहे.

शीत प्रदेशातील बागाईतदाराचा शरद याच्या अगदी उलट दिसतो. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत वसलेली आपली मराठी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे, जमीन गोठण्यापूर्वी, ट्यूलिप आणि डॅफोडिल यांचे कंद त्यांच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल पुरतात आणि वसंताची वाट पाहतात. मूळचा मध्य आशियाच्या डोंगराळ मुलखातला, तुर्की सुलतानांच्या बागांत लाडावलेला ट्यूलिप कॅरोलस क्लुसियस या वनस्पतिज्ञाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडातील लायडनच्या बागेत रुजविला. पण त्याची एक अट कोणत्याही देशात सुटली नाही. सुमारे बारा ते सोळा आठवडे थंडी अंगावरून गेल्याखेरीज त्याचा दांडा नीट लांबत नाही. तिकडे कंदाला फुलण्यास सिद्ध करते ती थंडी. आपल्याकडे कंदाला निजविते ती कोरड. हवामान खात्याच्या गणतीने मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. या चार महिन्यांत मिळवायचे आणि उरलेल्या आठांत त्यावर तगायचे, असा येथील रानकंदांचा शिरस्ता.

ट्यूलिपचा मोह धरून काही जण कंद फ्रीजमध्ये ठेवतात. त्याने फूल येऊ शकते. परंतु आपल्या लवकर तापणाऱ्या उन्हात पानांना नवा कंद भरण्याइतका अवधी मिळत नाही, आणि पहिलेच फूल बहुधा शेवटचे ठरते. शिवाय त्याच फ्रीजमध्ये पिकलेले चिकू ठेवले, तर फळातून निघणारा इथिलीन वायू कंदातील कळी आतल्या आत जाळतो. डहाणू-घोलवडच्या चिकवाचा आपणांस अभिमान. परंतु या दोघांचा एकत्र संसार होणे नाही.

त्यापेक्षा आपल्या मातीतील मंडळी पाहावीत. सफेद मुसळीच्या एका जातीस शास्त्रीय नावच आपल्या लोकलच्या बोरिवलीवरून मिळाले आहे. सांतापाव आणि फर्नांडिस या अभ्यासकांनी तिचे वर्णन केले. पहिल्या पावसात ती उगवते आणि शरद लागताच पाने टाकून मुळांच्या झुपक्यात लपते. कोकणात गौरीच्या पूजेत मानाने बसणारी कळलावी दरवर्षी जुना कंद झिजवून नांगराच्या फाळासारखा नवा घडविते, म्हणूनच संस्कृतात ती लांगली; तिच्या सर्वांगात कोल्चिसीन हे विष असल्याने कंद हाताळताना सावधगिरी हवी. शेवळ्याचा कोंब मृगात वर येतो आणि त्याची खाज मारण्यासाठी भाजीत काकडाची फळे पडतात. रानकांदा तर भर उन्हाळ्यात निष्पर्ण दांड्यावर फुलतो.

शरदातच ऐन भरात असणारेही आहेत. सोनटक्क्याचा जो दांडा फुलून गेला तो पुन्हा फुलत नाही. तो पुरता वाळला की बुडापासून काढावा. गुलछडी मेक्सिकोतून आली, पण तिचे नाव फारसी गुलाचे आणि घर मराठी देव्हाऱ्याचे झाले. एकदा फुललेला तिचा कंद पुन्हा फुलत नाही, बगलेची पिल्ले वंश चालवितात. म्हणून लागवड दोन-तीन वर्षे जागेवर राखून मग पाने पिवळी पडल्यावर कंद काढतात, सावलीत काही आठवडे विसावू देतात आणि उन्हाळ्यात निवडक कंद पुन्हा लावतात. पुण्याच्या गणेशखिंडीतील संशोधनातून ‘फुले गणेश’, ‘फुले प्रेरणा’ अशा जाती लाभलेला ग्लॅडिओलस मात्र आपल्याकडेही ऑक्टोबरातच लावावा. हिवाळ्याचे सौम्य ऊन त्यास मानवते, आणि दिवाळीत हाती माती घेण्याची हौसही भागते.

मुरब्याच्या रेताड जमिनीत पाणी थांबत नाही. निजलेल्या कंदाचा मोठा वैरी ओल. त्यामुळे ही रेती आमचे भाग्य. आश्विनापासून पाणी एकाएकी न तोडता हळूहळू कमी करावे. नाजूक कंद काढायचेच असतील तर माती झटकून, सावलीत सुकवून, कोरड्या रेतीत माळ्यावर ठेवावेत आणि प्रत्येक पिशवीत नावाची चिठ्ठी घालावी, कारण आठ महिन्यांनी निजलेले कंद चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेत वह्यांना कुंकू लागते आणि गतसालची शिल्लक नव्या पानावर ओढली जाते. आमच्या घरी त्या दिवशी आता सगळे अंगण सारवतो, पण विहिरीच्या कडेचा हातभर तुकडा तसाच सोडतो. तेथे भुईचाफ्याची पाने आडवी झालेली असतात, कडेने पिवळी, देठाशी अजून हिरवी. रांगोळीची शेवटची ओळ त्या पानांपाशी येऊन वळते, आणि मुले आता विचारीतही नाहीत की तेवढाच कोपरा का राहिला.