जुन्या जीपचे सुटे भाग : नावावर नव्हे, मापावर

जुन्या महिंद्रा जीपचा एखादा भाग घ्यायला माणूस दुकानात गेला की काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मॉडेल कोणते, साल कोणते? मारुती ८०० असती तर या दोन उत्तरांवर काम भागले असते. जीपच्या बाबतीत याच दोन उत्तरांमुळे चुकीचा माल घरी येतो, परत जातो, नाहीतर घासूनपुसून, वेल्डिंग मारून कसाबसा बसवला जातो. माझे म्हणणे असे की जुन्या जीपचा भाग मॉडेलच्या नावाने मागू नये, मापाने मागावा. आणि ज्याचे माप घेण्याचा विचारही सहसा कोणी करत नाही, ती बसायची सीट, सर्वांत काळजीपूर्वक मोजावी.

असे का, याचे उत्तर या गाडीच्या वंशावळीत आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी अमेरिकेतल्या विलिस कंपनीच्या जीप भारतात आणायला सुरुवात केली आणि मुंबईत माझगावला त्यांची जोडणी होऊ लागली. विलिसची सीजे-३बी ही जीप अमेरिकेत १९५३ मध्ये आली. तिचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच होते, कारण आतले २.२ लिटरचे हरिकेन इंजिनच उंच होते. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली, पण जपानमध्ये मित्सुबिशी त्याच घराण्यातली जीप १९९८ पर्यंत बनवत राहिली. आपल्याकडे तर तो आराखडा बदलत, लांबत, नव्या इंजिनांशी जुळवून घेत कितीतरी वर्षे चालला. पेट्रोल महागले तेव्हा इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन जीपमध्ये आले, मग फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याखाली इथे बनलेले डिझेल इंजिन आले. सीजे-३बीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ८० इंच, एमएम ५४० चे ९१ इंच. २०१० मध्ये आलेल्या थारचे २४३० मिलिमीटर, शिवाय तिचे पुढचे सस्पेन्शन पाट्यांचे नाहीच, टॉर्शन बारचे आहे. लोकांच्या बोलण्यात मात्र या सगळ्या ‘महिंद्राची जीप’च.

अमेरिकन आराखडा इंचात आखलेला होता आणि फ्रेंच इंजिन मिलिमीटरमध्ये. त्यामुळे एमएम ५४० सारख्या गाडीत इंजिनच्या बोल्टला एका संचातला पाना लागतो आणि ॲक्सलच्या बोल्टला दुसऱ्या. एकाच गाडीत दोन मापपद्धती नांदत असताना ‘जीपचा बोल्ट द्या’ या मागणीला काही अर्थच उरत नाही.

हा फरक कागदावरचा वाटू नये म्हणून चाकाचा नट घेऊ. विलिसच्या वंशातल्या जीपच्या चाकाचा स्टड अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्यावर इंचाला २० आटे असतात. म्हणजे दोन आट्यांमधले अंतर १.२७ मिलिमीटर. मारुती जिप्सीचा स्टड १२ मिलिमीटरचा आणि आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर. दोन्ही गाड्यांच्या चाकाला पाच भोके, आणि तीही साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. त्यामुळे चाके, रिम आणि नट या गाडीचे त्या गाडीला लावून पाहण्याचा मोह होतो. जीपचा नट जिप्सीच्या स्टडवर हाताने सहज फिरतो. आट्यांमधला फरक फक्त ०.०२ मिलिमीटर असल्याने तो अडत नाही, आणि पाना लावला की आवळल्यासारखाही वाटतो. पण स्टड नटापेक्षा ०.७ मिलिमीटरने बारीक आहे. आटे एकमेकांत जेमतेम निम्म्या खोलीपर्यंत जातात, आणि खडबडीत रस्त्यावर भार येतो तेव्हा तेवढ्याच अर्ध्या आट्यांवर चाक टिकून असते. डोळ्यांनी पाहून, हाताने चाचपून ही चूक कळणे जवळजवळ अशक्य आहे. ती व्हर्निअर कॅलिपर आणि आटे मोजायची पट्टी यांनाच कळते. त्यात जुन्या विलिसच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. हे माहीत नसलेला माणूस पान्याला लांब पाइप लावून नट सोडवायला जातो, प्रत्यक्षात तो आवळत जातो आणि स्टड मोडतो. मोडलेल्या स्टडच्या जागी पुढच्या मालकाने सुलट आट्यांचा बसवला असेल, तर एकाच चाकावर दोन्ही तऱ्हा सापडतात.

उलट, ज्या भागांवर जागतिक मापाचा क्रमांक कोरलेला असतो तिथे जुनी जीप आश्चर्य वाटावे इतकी सोपी आहे. विलिसच्या पुढच्या चाकाचे बेअरिंग टिमकेन पद्धतीच्या १८५९० आणि १८५२० या क्रमांकांच्या जोडीचे. जीपच्या भागांच्या दुकानात ते ‘मिळत नाही, बंद झालं’ असे ऐकायला मिळाले, तरी बेअरिंगच्या दुकानात क्रमांक सांगितला की ते चांगल्या कंपनीचे मिळते. ऑइल सीलचेही तसेच. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी एवढे तीन आकडे पुरतात, आणि पुष्कळदा ते सीलच्या पाठीवर छापलेलेही असतात. जुना भाग काढल्यावर भंगारात फेकण्याआधी रॉकेलने पुसून त्यावरचे आकडे उतरवून घेतले, तर निम्मी शोधाशोध वाचते.

मोठ्या भागांत, विशेषतः ॲक्सलमध्ये, नावावर विसंबण्याची किंमत मोठी पडते. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत मायापुरी आणि काश्मिरी गेट इथे जुने ॲक्सल मिळतात. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचे मंडी डबवाली तर जुन्या भागांतून जीप उभी करण्यासाठीच प्रसिद्ध आहे. लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्यांचे भागही या बाजारांत येतात. अशा प्रकारे जोडलेल्या गाडीच्या आरसी बुकात १९८५ साल आणि अमुक मॉडेल लिहिले असले, तरी खाली कोणता ॲक्सल आहे याची त्या नोंदीवरून काहीच हमी मिळत नाही. सीजे-३बीच्या डिफरन्शियलमध्ये ४३ आणि ८ दात, म्हणजे गुणोत्तर ५.३८. पुढे ५.३८ चा ॲक्सल राहिला आणि मागे त्याहून कमी गुणोत्तराचा बसवला, तर फोर-व्हील ड्राइव्ह लावताच पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात. या जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये मधले डिफरन्शियल नसते, म्हणून तो ताण सुटायला वाटच राहत नाही. चिखलात चाके घसरून तो निघून जातो, डांबरी रस्त्यावर मात्र शाफ्ट, जॉइंट आणि दातांवर बसतो. गुणोत्तर मोजायला ॲक्सल उघडावाही लागत नाही. इतर चाकांना पाचर लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून मागचे एक चाक जॅकवर उचलावे, दुसरे जमिनीवर राहू द्यावे. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवले की प्रोपेलर शाफ्ट जितके फेरे घेईल तेच गुणोत्तर. त्याबरोबर डिफरन्शियलचा गोळा मध्यभागी आहे की उजवीकडे, दोन पाट्यांमधले अंतर किती, शाफ्टच्या टोकाला किती स्प्लाइन, ब्रेकचा ड्रम ९ इंचांचा की मोठा, हे पाहिल्याशिवाय जुना ॲक्सल विकत घेऊ नये.

आता सीट. इंजिन आणि ॲक्सलसाठी चार दुकाने फिरणारा मालक सीटच्या बाबतीत फक्त गादी कशी आहे ते पाहतो. भंगारातल्या एखाद्या छोट्या मोटारीच्या सीट स्वस्तात मिळतात, पत्र्याला चार भोके पाडून बोल्ट आवळले की काम झाले असे समजले जाते. माझ्या मते जुन्या जीपवर होणाऱ्या कामांपैकी हे सर्वांत धोक्याचे काम आहे. त्याचा हिशेब शाळेच्या गणिताने मांडता येतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर वेग कमी होण्याचे प्रमाण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २० पट असते. नुसती १५ किलोची सीट त्या क्षणी ३०० किलोच्या जोराने बोल्ट ओढते. पुष्कळ आधुनिक मोटारींत सीटबेल्टच्या पट्ट्याचे बकल सीटच्याच चौकटीला जोडलेले असते. म्हणजे ७० किलोच्या माणसाचा सुमारे १४०० किलोचा जोर, त्याचा बराचसा वाटा, पुन्हा सीटच्या बोल्टवर येतो. ज्या मोटारीतून ती सीट काढली, तिथे खाली खास घडवलेला मजबूत पत्रा होता. जीपमध्ये खाली सपाट पत्रा असतो, आणि कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळे काढलेल्या गाडीत तो रबरी मॅटखाली गंजून पापुद्रे सुटलेला असण्याची शक्यता मोठी. अशा पत्र्यात बोल्ट कितीही जाड घेतला, तरी वायसरसकट तो पत्रा फाडून वर येईल. खालून जाड पोलादी प्लेट देऊन जोर पसरवणे, गंजलेला पत्रा आधी कापून नवा घालणे, आणि पट्ट्याची टोके सीटऐवजी गाडीच्या बॉडीच्या मजबूत भागाला, शक्य तिथे चेसिसशी पक्क्या जोडलेल्या चौकटीला बांधणे, हे काम फॅब्रिकेशन जाणणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यायला हवे. भोक पाडण्याआधी खाली काय आहे हेही पाहावे लागते. विलिसमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असे. अपघातात सापडलेल्या नव्या मोटारीची सीट घेताना त्यात बाजूची एअरबॅग आहे का, पट्टा एकदा ताणला गेलेला आहे का, ते तपासावे. तसे असेल तर ती घेऊच नये.

मग जागेचा प्रश्न येतो. जुन्या जीपमध्ये मध्यभागी जमिनीतून गिअरचा आणि ट्रान्स्फर केसचे असे दांडे वर आलेले असतात. बाजूला फुगीर कडा असलेली मोटारीची सीट बसवली की लो गिअरचा दांडा मांडीला किंवा सीटला अडतो, आणि चढावर ऐन वेळी तो पूर्ण सरकवता येत नाही. सीट चार बोटे उंच झाली की डोळ्यांची रेषा विंडस्क्रीनच्या वरच्या चौकटीशी येते आणि डोके हूडच्या कमानीला लागू लागते. म्हणून सीट घेण्याआधी पाच अंतरे लिहून घ्यावीत: जमिनीच्या पत्र्यापासून हूडच्या कमानीपर्यंतची उंची, दांडे आणि दार यांच्यामधली रुंदी, स्टिअरिंगपासून पाठीपर्यंतचे अंतर, पेडलपासून गादीच्या पुढच्या कडेपर्यंतचे अंतर, आणि रेलच्या भोकांमधली लांबी-रुंदी. उघड्या जीपला जाड स्पंज आणि कापडी आवरणही चालत नाही. सह्याद्रीतल्या एका पावसाळ्यात ते पाणी धरते आणि खालचा पत्रा खायला लागते. रेक्झिनचे आवरण आणि पाणी निघून जायला खाली भोके असलेली साधी सीट जास्त टिकते.

कायद्याची बाजूही विसरून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत होणारे बदल करायला मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सीटची संख्या आरसीवर नोंदलेली असते. म्हणून मागे बाके वाढवणे म्हणजे सोय नव्हे, नोंदणीतला बदल आहे.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो गॅरेजमधून. चाळीस वर्षे जीप उघडणाऱ्या मिस्त्रीला व्हर्निअर कशाला हवा, तो नुसत्या नजरेने सांगतो. हे खरे आहे, आणि त्या नजरेबद्दल मला आदर आहे. ती नजर म्हणजे वर्षानुवर्षांच्या मोजमापांचाच साठा असतो. पण ०.०२ मिलिमीटर कोणत्याही नजरेला दिसत नाही, आणि मिस्त्री काम सोडतो तेव्हा तो साठा त्याच्याबरोबर जातो. माप लिहून ठेवणे म्हणजे त्याच्या ज्ञानावर अविश्वास दाखवणे नाही. त्याच्याकडूनच ते शिकून कागदावर आणणे आहे.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांचा. त्यांना प्रत्येक भाग कंपनीचा आणि त्याच सालचा हवा असतो. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी तो आग्रह योग्यच आहे. पण ही गाडी मुळातच अमेरिकन सांगाडा आणि परक्या इंजिनांच्या संकरातून घडली. पुढच्या सीटना पट्टे देणे उत्पादकांवर बंधनकारक करणारी दुरुस्ती केंद्रीय मोटार वाहन नियमांत १९९३ मध्ये आली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत पट्टेच नाहीत. मुंबई-गोवा महामार्गावर चालणाऱ्या जीपमध्ये निव्वळ अस्सलपणासाठी पट्टा टाळणे मला मान्य नाही. मूळ सीट ठेवायची तर जरूर ठेवा, पण पट्ट्याची टोके नीट बांधून घ्या.

तिसरे म्हणणे असे की एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा नवी थार घ्यावी. काही गाड्यांच्या बाबतीत ते बरोबर आहे. चेसिस पाट्यांच्या हँगरजवळ गंजून सडला असेल तर त्या गाडीत पैसा घालू नये, तिचे चांगले भाग दुसऱ्या जीपला द्यावेत. पण चेसिस शाबूत असलेली जीप पाना, लेथ आणि साध्या वेल्डिंगवर दुरुस्त होते, आणि अशा गाड्या आता कमी होत जाणार. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. त्या गाड्या तोडायला जातात, तेव्हा कोणता ॲक्सल कोणत्या गाडीचा ही माहितीही नाहीशी होते.

म्हणून जीप बाळगणाऱ्या वाचकांना विनंती आहे. येत्या सुट्टीत एक वही घ्या. चेसिस क्रमांकापासून सुरुवात करा. दोन्ही ॲक्सलची गुणोत्तरे मोजून लिहा, प्रत्येक बेअरिंगचा आणि सीलचा क्रमांक, चाकाच्या प्रत्येक स्टडचा व्यास आणि आट्यांची दिशा, कोणत्या जागी इंचाचा बोल्ट आणि कोणत्या जागी मिलिमीटरचा, सीटची ती पाच अंतरे, सारे उतरवून ठेवा. भाग बदलला की तारीख घालून नवे माप लिहा. जुने भाग विकणाऱ्यांनी ॲक्सल कोणत्या गाडीतून काढला ते त्यावर ऑइल पेंटने लिहावे. आणि गाडी विकाल तेव्हा आरसी बुकाबरोबर ती वहीही नव्या मालकाच्या हाती द्या.