रात्रीचा हिशेब उन्हात

सकाळी सात

डिसेंबरात नामपूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण मोसमच्या काठचं धुकं विरायला आणखी वेळ जातो. मी शटर उजाडतानाच वर करतो. लाल कांद्याचे ट्रॅक्टर याच वेळी बाजार समितीकडे निघतात आणि लिलावाआधी शेतकरी दुकानात डोकावून जातात. कुणाच्या स्टार्टरची कॉइल जळालेली असते, कुणाला विहिरीवरच्या दिव्याचा होल्डर हवा असतो. मोटार आणि स्टार्टर हा धंद्याचा कणा. सोलरचं काम त्याला जोडून वाढत गेलं, आणि खरं सांगायचं तर आता माझा जीव त्यातच जास्त रमतो.

पहिलं काम म्हणजे छपरावरची प्लेट धुणं. रात्रीचं दव आणि रस्त्याची धूळ मिळून काचेवर चिखलाचा पातळ थर बसतो. कोरड्या फडक्यानं पुसलं तर चरे पडतात, म्हणून आधी पाणी आणि मग मऊ कापड. हे ऊन चढण्याआधीच उरकायचं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

मग काउंटरवर वही उघडून ठेवतो. तिच्यात चार रकाने आखलेले आहेत: वस्तू, वॅट, तास, गुणाकार. सोलर मागायला येणाऱ्याला आधी या वहीत बसवतो. लोक विचारतात, ‘किती वॅटची प्लेट घेऊ?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत काय काय चालवायचं आहे, ते आधी ठरतं. त्यावरून बॅटरी ठरते आणि बॅटरीवरून प्लेट.

सव्वाआठ

अंतापूरकडचा एक तरुण आला. आईला दमा आहे. पावसाळ्यात त्यांच्या वस्तीची डीपी जळाली तेव्हा नेब्युलायझर बंद पडला आणि माउलीला रात्री मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात न्यावं लागलं. “भाऊ, मोठ्यातलं मोठं सोलर द्या. पैशाचं बघू,” तो म्हणाला.

अशा माणसाला मोठ्यातलं मोठं विकणं सोपं असतं. म्हणूनच त्याच्याशी जास्त वेळ बसावं लागतं. मशीनच्या लेबलचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता: २३० व्होल्ट, १२० वॅट. एका वेळी दहा मिनिटं आणि दिवसातून तीनदा, म्हणजे अर्धा तास. गुणाकार ६० वॅट-तास. बॅटरीच्या सरळ विजेची घरगुती वीज करताना काही भाग वाया जातो, म्हणून ७५ धरले. पाच वॅटचा बल्ब पाच तास म्हणजे २५. फोनचे २०. एकूण झाले १२०. पावसाळ्यात दोन दिवस सूर्य दिसलाच नाही तर २४०. म्हणजे त्याला ३०० वॅट-तासांचं पोर्टेबल पॉवर स्टेशन पुरतं. सोबत १०० वॅटची घडीची प्लेट असली की स्वच्छ उन्हाच्या दिवशी ते एका दिवसात भरतं.

तो हजार वॅट-तासांच्या तयारीनं आला होता. उरलेल्या पैशात काय करायचं तेही मी सांगितलं. बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारे जाळीचे नेब्युलायझर मिळतात आणि ते काही वॅटच वीज खातात. आईचं औषध त्यात चालतं का, हे डॉक्टरांना विचार. ते मी ठरवणार नाही. आणि धाप वाढली तर कुठल्याही मशीनची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

“संध्याकाळी मशीन घेऊन ये,” म्हटलं. “चालवून बघू, मग पैसे दे.”

पावणेदहा

नाशिकची चार पोरं साल्हेरला निघालेली. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि त्यात साल्हेरही आहे. तेव्हापासून गडाची वाट विचारत दुकानात येणारेही वाढलेत. १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. गंगासागर तलाव, वरच्या गुहा, शिखरावरचं परशुरामाचं मंदिर हे सगळं यांनी फोनमध्ये पाहिलेलं होतं. मुक्काम दोन रात्रींचा. पाठीवरच्या सॅकला अडकवायची घडीची प्लेट त्यांना हवी होती.

मी नको म्हटलं. दोन रात्रींसाठी प्लेट हे ओझंच. चालताना ती पाठीवर उभी लटकते. निम्मा वेळ तुमच्याच सावलीत असते आणि उरलेला वेळ झाडाच्या नाहीतर कड्याच्या. सूर्याकडे तिचं तोंड क्वचितच होतं.

त्यापेक्षा वीस हजार एमएएचच्या दोन पॉवर बँका घ्या. हा आकडा आतल्या सेलचा असतो, ३.७ व्होल्टवरचा. गुणाकार केला तर ७४ वॅट-तास होतात. यूएसबीच्या ५ व्होल्टवर चढवताना आणि फोनमध्ये भरताना गळती होते आणि हाती साधारण ५० लागतात. आजच्या पाच हजार एमएएचच्या फोनला १९ वॅट-तास लागतात, म्हणजे एका बँकेत तो अडीच वेळा भरतो. चौघांत दोन बँका असल्या आणि गडावर फोन फ्लाइट मोडवर ठेवले तर परत येईपर्यंत चार्ज उरतो. रेंज शोधत राहणारा फोन नुसता खिशात ठेवला तरी बॅटरी संपवतो. आणीबाणीसाठी एक फोन बंद करून सॅकच्या तळाशी ठेवा, हेही बजावलं.

“मग प्लेट घ्यायची तरी कधी?” एकानं विचारलं. मुक्काम तीन-चार दिवसांच्या पुढे गेला आणि तळ एका जागी असला, तर. तेव्हा २० ते ३० वॅटची घडीची प्लेट सकाळपासून तंबूबाहेर सूर्याकडे वळवत ठेवायची, आणि तिच्यावर फोन न लावता बँक भरायची. ढग आला की प्लेटची वीज तुटते. ऊन परतल्यावर काही फोन पुन्हा चार्ज व्हायला लागतात, काही तसेच पडून राहतात. बँक भरली की रात्री फोन निवांत भरता येतो.

बारा

ही माझी आवडती वेळ. विकायला आणलेली प्रत्येक नवी प्लेट मी भर उन्हात मोजून घेतो. गिऱ्हाईक असेल तर त्याच्यासमोर.

आज २० वॅटची काचेची प्लेट. मागच्या लेबलवर उघड्या सर्किटचे २१.८ व्होल्ट आणि शॉर्ट केल्यावरचा प्रवाह १.२० अँपिअर. हे आकडे प्रयोगशाळेतले: चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. आपल्याकडे ऊन चांगलं असतं, पण काच तापते आणि तापलं की व्होल्टेज उतरतं. एका अंशाला सुमारे ०.४ टक्के उत्पादन जातं. मालेगावच्या एप्रिलमध्ये हवा ४२ अंशांवर जाते आणि प्लेट ६५ च्या घरात. म्हणजे सहावा हिस्सा नुसत्या उष्णतेत गेला. लोकांना वाटतं, उन्हाळ्यात सोलर सगळ्यात जास्त चालत असेल. डिसेंबरातल्या थंड, स्वच्छ दुपारीही प्लेट छान चालते. फक्त तिला नीट उभं करावं लागतं.

ते कसं, हे दाखवायला प्लेटच्या चौकटीवर एक लांब खिळा डोक्यावर उभा करतो. प्लेट जमिनीवर सपाट ठेवली की खिळ्याची सावली लांब पडते. मीटरवर ०.७७ अँपिअर. आता प्लेटचा वरचा काठ विटांवर चढवत जायचा. सावली आखडत आखडत खिळ्याच्या बुडाशी गडप झाली की थांबायचं. तोंड दक्षिणेला आणि कलणं चाळीस अंशांहून थोडं जास्त. मीटर १.०२. विटा फुकटच्या, आणि प्रवाह तिसऱ्या हिश्शानं वाढला.

मग तळहात एका सेलवर, अगदी एकाच, दाबून धरायचा. आकडा कोसळून ०.२ वर येतो. छत्तीस सेल एका ओळीत जोडलेले असतात. एक झाकला की बाकीच्यांची वाटही अडते. प्लेटवरचं लिंबाचं एक पान, अँटेनाची काठी, वाळत घातलेल्या टॉवेलचा कोपरा एवढंही पुरतं. ‘सोलर चालत नाही’ म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक प्लेटांचा आजार एवढाच असतो. छायेतून हलवली की बरी.

दोन

भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. मग अर्धा तास पाठ टेकली.

अडीच

एक शिक्षक पॉवर बँक घेऊन आले. पाठीवर तळहाताएवढी प्लेट चिकटवलेली आणि मधून फुगलेली. अशी वस्तू जाहिरातीत सुरेख दिसते. तिची प्लेट जेमतेम दीड वॅटची. दिवसभराच्या चांगल्या उन्हातून सात वॅट-तास मिळतात आणि आतली बॅटरी ७४ ची. गळती धरली नाही तरी भरायला दहा दिवस. शिवाय प्लेटला उन्हात ठेवायचं म्हणजे बॅटरीलाही उन्हात तापवायचं. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणं तिच्या जिवावर उठतं. गुरुजींनी ती गाडीच्या काचेमागे ठेवली होती.

फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्जला लावू नये, घंटागाडीतही टाकू नये. मी ती वाळूच्या डब्यात वेगळी ठेवली. ई-कचऱ्याच्या खेपेबरोबर जाईल. प्लेट आणि बॅटरी वेगवेगळी घ्यावी, एक उन्हात आणि दुसरी सावलीत ठेवावी, हे मी प्रत्येकाला सांगतो. मधली तार थोडी लांब लागली तरी चालेल.

चार

ठेलारी धनगरांचा वाडा जवळच्या मळ्यात बसलाय. तिथून एक बाबा आणि त्यांची सून आली. वर्षातले कित्येक महिने यांचं बिऱ्हाड घोड्यावर असतं. माळरानावरची रात्र यांची रोजचीच. फोन चार्ज करायला कुणाच्या तरी दारात जाऊन बसावं लागतं आणि तिथे कधी कधी पैसेही मोजावे लागतात.

बाबांनी काचेची प्लेट बोटानं वाजवून पाहिली. “हाई पानीमा चाली का, भो?”

प्लेट पावसात चालते. कंट्रोलर आणि बॅटरी चालत नाहीत, त्या डब्यात बंद हव्यात. वही पुढे ओढली आणि आकडे सुनेनं सांगितले, कारण बिऱ्हाड तीच सांभाळते. एक फोन, २० वॅट-तास. कोकरांपाशी तीन वॅटचा दिवा चार तास, म्हणजे १२. टॉर्चचे पाच. सगळे मिळून चाळिसाच्या आत. मेंढ्या शेतात खतासाठी बसवल्या की वाडा काही दिवस एका जागी असतो, तेव्हा प्लेट दिवसभर कलती ठेवता येते. वीस वॅटची प्लेट, दिवसाला पाच तासांचं भरघोस ऊन, गळती वजा करून ७० वॅट-तास. पुरून उरतात. चालीच्या दिवशी प्लेट घोड्यावर आडवी बांधली जाईल आणि थोडंच मिळेल, ती तूट बॅटरी भरून काढेल.

बॅटरीवर मात्र मी अडून बसलो. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी स्वस्त असते, पण वजन दोन किलोंच्या वर. ती निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे ८४ वॅट-तासांतले ४२ च आपले. लिथियम आयर्न फॉस्फेटची ६ अँपिअर-तासांची बॅटरी वजनाला किलोभर, ७७ वॅट-तास जवळजवळ सगळे वापरायचे आणि दोन हजारांवर वेळा भरायची. आज महाग वाटते, पण दरवर्षी शिशाची नवी घेण्यापेक्षा स्वस्त पडते. घडीची प्लेट मी यांना दाखवलीच नाही. वॅटमागे तिची किंमत कितीतरी जास्त आणि कापडी शिवण घोड्याच्या पाठीवर टिकणार नाही.

प्लास्टिकच्या डब्यात बॅटरी, चार्ज कंट्रोलर आणि बॅटरीच्या धन टोकापाशीच पाच अँपिअरचा फ्यूज बसवला. सुनेकडून तीनदा जोडून घेतलं: आधी बॅटरी कंट्रोलरला, मग प्लेट. काढताना आधी प्लेट. तिसऱ्या वेळी तिनं माझ्याकडे न बघता जोडलं. निम्मे पैसे आज, निम्मे वाडा हलायच्या आधी.

साडेपाच

रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरणारे शेतकरी टॉर्च न्यायला येतात. उन्हाळ कांद्याची लागवड सुरू झालीय आणि बिबट्याची भीती आहेच. पलीकडे साक्री तालुक्यात, शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. एवढं ऊन असलेल्या मुलखात शेतकऱ्यानं अंधारात बारे का द्यावेत, हा राग माझ्या मनातून जात नाही. सौर पंप आणि दिवसाची वीज जिथे पोचली तिथल्या घरांतली झोप परत आली, हे मी गिऱ्हाइकांच्याच तोंडून ऐकतो. ते सगळीकडे पोचेपर्यंत डोक्याला बांधायचा दिवा घ्या, हात मोकळे राहतात.

सात

अंतापूरचा तरुण मशीन घेऊन आला. डॉक्टरांनी हेच मशीन चालू ठेवायला सांगितलं होतं. शुद्ध साइन वेव्हचं स्टेशन काढलं. स्वस्तातल्या इन्व्हर्टरची लहर ओबडधोबड असते आणि तिच्यावर अशा मशीनची मोटार गुरगुरते, तापते. खटका दाबला. सुरुवातीला क्षणभर आकडा उसळला, मग ११० वॅटच्या आसपास स्थिरावला. औषधाऐवजी सलाइनचं पाणी घालून पूर्ण दहा मिनिटं चालवलं. बॅटरी १०० वरून ९३ टक्क्यांवर आली. वहीतला हिशेब बरोबर निघाला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धनकडच्या कितीतरी गावांत आठवडे न आठवडे वीज नव्हती. तिथल्या लोकांचं आठवलं की मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. आणीबाणीचं साहित्य कपाटात पडून पडून उतरतं आणि नेमकं त्या रात्री रिकामं निघतं.

“मग किती दिवसांनी बघायचं?” त्यानं विचारलं.

नव्या वर्षाचं कॅलेंडर काढून त्याच्या हातात दिलं. दर अमावास्येला आईचं एक वेळचं औषध या बॅटरीवर द्यायचं, दुसऱ्या दिवशी प्लेट अंगणात लावून भरून ठेवायची. मृग लागण्याआधी तारा, पिना आणि प्लेटची शिवण एकदा दुकानात दाखवून न्यायची. त्यानं तिथेच उभ्या उभ्या वर्षभराच्या अमावास्यांवर पेनानं गोल केले, आणि जूनच्या पानावर माझा नंबर लिहून घेतला.