तेल ओतलं म्हणजे क्लच ‘वेट’ होत नाही

चेनचे जुने ट्रॅक्टर जपणाऱ्यांकडून एक सल्ला मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. ‘स्टिअरिंग क्लच गंजून चिकटतो ना? मग कप्प्यात तेल ओत. ड्रायचा वेट झाला!’ म्हणजे कोरड्या क्लचचा तेलात चालणारा क्लच झाला. हा सल्ला अर्धवट आहे आणि उतारावर तो जिवावर बेतू शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅटरपिलरचा डी२ घ्या. १९३८ ते १९५७ या काळात अमेरिकेत बनलेला हा छोटा गडी आजही जगभर हौशी लोकांकडे चालतो आहे. त्याला वळवायला चाक नाही, दोन दांडे आहेत. डावा ओढला की डावा क्लच सुटतो आणि त्या बाजूच्या चेनला मिळणारी ताकद तुटते. झटकन वळायचं तर त्याच बाजूचा ब्रेकही दाबायचा. मधल्या कप्प्यात बेव्हल गिअर तेलात फिरतो. त्याच्या दोन्ही अंगांना असलेले क्लचचे कप्पे मात्र कोरडे, आणि ब्रेकचा पट्टा आवळतो तो क्लचच्याच ड्रमवर.

आता हिशेब पाहा. क्लच किती ताकद पेलेल हे घर्षण, स्प्रिंगचा दाब, प्लेटची त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या यांच्या गुणाकारावर ठरतं. कोरड्या लायनिंगचा घर्षणांक साधारण ०.३ ते ०.४ असतो, तेलातल्या क्लचचा ०.१ च्या आसपास. घर्षण तिसऱ्या हिश्श्यावर आलं, तर तेवढीच ताकद पेलायला दाब किंवा पृष्ठभाग तिप्पट हवेत. नुसतं तेल ओतल्याने यातलं काय वाढलं? काहीच नाही.

‘माझा तर व्यवस्थित चालतो,’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. अंगणात फिरवताना क्लचवर भारच येत नाही. जड नांगर लावला की तो घसरायला लागतो. उतारावर तो घसरला तर इंजिनाचं ब्रेकिंग सुटतं, आणि ब्रेकचा पट्टाही त्याच तेलात भिजलेला असतो.

मग खरं रूपांतर म्हणजे काय? तेलात चालणाऱ्या, खाचा असलेल्या लायनिंगच्या प्लेटा हव्यात. त्या खाचांतूनच तेल निसटून पकड बसते. दाब किंवा प्लेटा वाढवायला हव्यात, ब्रेकचं लायनिंग बदलायला हवं, तेल धरून ठेवणारी सील आणि पातळी पाहायची सोय हवी. स्प्रिंग कडक केली की हाताचा दांडाही जड होतो, त्याचाही विचार आधीच करायचा.

गैरसमज: कोणतंही तेल चालतं, जाड असेल तर उत्तम.
तसं चालत नाही, हे दुचाकीवाल्यांना ठाऊक आहे. ओल्या क्लचच्या बाइकसाठी ते डब्यावर जासो एमए हा दर्जा बघूनच तेल घेतात. गिअर ऑइलमधली काही रसायनं पितळी-कांस्य लायनिंग खातात.

गैरसमज: वेट क्लच झिजतच नाही.
तेल उष्णता वाहून नेतं म्हणून तो जास्त टिकतो, पण झिजतो. तेल बदलावंच लागतं.

गैरसमज: ड्राय क्लचवर तेल आलं की तो गेला.
जुन्या कॅटरपिलर पुस्तिकांमध्ये असा क्लच धुण्याची रीत दिलेली आहे. पण आधी गळकं सील बदला, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

गैरसमज: साचलेली काळी धूळ हवेने उडवून टाकावी.
अजिबात नको. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो.

क्लच चिकटतो तो बहुतेक वेळा ओलाव्यामुळे. ट्रॅक्टर छपराखाली ठेवा, महिन्यातून एकदा चालवा, दोन्ही दांडे ओढून सोडा आणि कप्प्याचा तळचा प्लग उघडून पाहा. पाणी आलं तर कप्पा वाळवा, तेल आलं तर सील बदला. तिथे वरून तेल ओतणं हा इलाज नव्हे.