चांदीचा टंच आणि रक्ताचा आकडा

हुपरी गाव चांदीच्या दागिन्यांसाठी नावाजलेले आहे. आम्ही तिथे गेलो, तेव्हा एक कारागीर लगडीतला एवढासा कण काढून साऱ्या चांदीचा टंच पाहत होता. रक्ताच्या तपासणीचेही थोडेसे असेच आहे. कसे, ते आपण पाहू.

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असते. ते सुमारे १५ सेंटीमीटर लांब असते. अन्न पचवणारा रस ते करते. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिनही तेच करते. या स्वादुपिंडाला कधी कधी कर्करोग होतो. हा रोग मोठा लबाड. आत दडून वाढतो आणि बहुधा उशिरा कळतो.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. त्यांच्यात निरनिराळ्या जाती आहेत. जंतू शिरले की न्यूट्रोफिल पेशी आधी धावून जातात. लिम्फोसाइट पेशी शत्रू नेमका हेरतात. कर्करोगाच्या पेशी मारण्याचे कामही त्यांच्यातल्या काही करतात.

रक्ताच्या साध्या तपासणीत या दोन्हींची मोजणी होते. रोग्याच्या रक्तात पहिल्या फार आणि दुसऱ्या थोड्या असल्या, तर रोग जड जाण्याचा संभव अधिक, असे दिसून आले आहे. गाठीचा तुकडाही सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात लिम्फोसाइट पुष्कळ शिरलेल्या असल्या, तर ते बरे लक्षण. पण या गाठीभोवती दाट तंतूंचे कुंपण असते. राखणदारांना आत शिरणे अवघड जाते.

"मग आकडा वाईट आला, तर माणूस गेलाच का हो?" एका आजींनी आम्हाला विचारले. नाही, आजी! चांदीचा टंच एकदा ठरला की ठरला. रक्ताचा आकडा मात्र बदलतो. जंतूंचा ताप आला, पित्ताची नळी तुंबली, तरी तो वाढतो. त्या एका आकड्यावरून रोग आहे की नाही, हे ठरत नाही. कोण किती जगेल, हेही ठरत नाही. रोग किती पसरला आणि गाठ काढता येते का, याला जास्त महत्त्व आहे.

म्हणून वेळ दवडू नका. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अंग खाजणे, वजन उतरणे, पोटातली कळ पाठीत जाणे, ही लक्षणे दिसली तर दोरे-माळा बांधत बसू नका. कावीळ इतर कारणांनीही होते. पण कारण डॉक्टरांना शोधू द्या. कोल्हापूरला सी.पी.आर. हे सरकारी रुग्णालय आहे. आणि विडी-सिगारेट ओढत असाल, तर आजच सोडा. तिच्यामुळे या रोगाचा धोका वाढतो.

टंच पाहिल्यावाचून आपण चांदी घेत नाही. मग तपासल्यावाचून दुखणे अंगावर का काढावे?