कंगवा, कागदाचे कपटे आणि पेट्रोलचा डबा

हिवाळ्यात नायलॉनचा स्वेटर डोक्यावरून काढताना चटचट आवाज होतो. अंधार असेल तर बारीक ठिणग्याही दिसतात. ‘अंगात वीज तयार झाली,’ असे आपण सहज म्हणून जातो. शाळेत विज्ञान शिकवताना हे वाक्य मी कितीदा ऐकले असेल, त्याची गणती नाही. खरे पाहता तिथे नवीन असे काहीच तयार होत नाही. या हाताचे त्या हाताला जाते, एवढेच.

प्रत्येक वस्तूत धनभार आणि ऋणभार सारखेच असतात, म्हणून एरवी आपल्याला ते जाणवत नाहीत. प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून फिरवला की केसांवरचे काही इलेक्ट्रॉन कंगव्याकडे जातात. कंगव्यावर जेवढा ऋणभार आला, नेमका तेवढाच धनभार केसांवर उरतो. सगळ्या केसांवर एकाच जातीचा भार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात आणि ताठ उभे राहतात. ज्याच्याकडे इलेक्ट्रॉन जास्त आले त्यालाच ‘ऋण’ का म्हणायचे, असे मुले हटकून विचारत. फ्रँकलिनने अठराव्या शतकात ही नावे रूढ केली, आणि इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये. तोवर नावे पक्की झाली होती!

ही देवघेव किती होते म्हणाल, तर अगदी थोडी. पृष्ठभागावरच्या साधारण लाखभर अणूंमागे एखादाच इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे होतो. त्यासाठी घासलेच पाहिजे असेही नाही. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले आणि दूर झाले तरी पुरते. घासल्याने जास्त जागी स्पर्श होतो, म्हणून परिणाम ठळक दिसतो. काच रेशमावर घासली तर काच धनभारित होते, एबोनाइट लोकरीवर घासले तर एबोनाइट ऋणभारित. कोण देणार आणि कोण घेणार हे जोडीवर ठरते. मात्र त्याचे संपूर्ण कोडे अजून सुटलेले नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी असे पृष्ठभाग फार बारकाईने तपासले, तेव्हा एकाच पृष्ठभागावर धन आणि ऋण भारांचे ठिपके गोधडीसारखे शेजारी शेजारी आढळले. आपल्याला बाहेरून जाणवते ती फक्त त्यांची वजाबाकी.

आता कागदाचे कपटे. त्यांना कोणी घासलेले नसते, मग ते कंगव्याकडे का धावतात? ऋणभारित कंगवा जवळ आला की कागदातले इलेक्ट्रॉन किंचित मागे सरतात आणि कंगव्याकडची बाजू थोडी धनभारित होते. जवळच्या बाजूचे आकर्षण लांबच्या बाजूच्या ढकलण्यापेक्षा जास्त, म्हणून कपटा उडी मारतो. आपल्या भाषेत अंबरला ‘तृणमणी’ म्हणतात, म्हणजे गवताची काडी ओढणारा मणी. त्या नावातच हा सगळा प्रयोग आहे.

भार आला तरी तो टिकतो कुठे, हा पुढचा प्रश्न. धातूवरचा भार जमिनीची वाट मिळताच निघून जातो. प्लॅस्टिकवरचा भार जिथल्या तिथे अडकून बसतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे पृष्ठभागावर पाण्याचा सूक्ष्म थर बसतो आणि भार हळूहळू झिरपतो. म्हणून कंगव्याचा प्रयोग कोकणात ऐन जुलैमध्ये करायला जाऊ नये, फजिती होते.

इथवरचा सगळा खेळ निरुपद्रवी वाटेल. पण नळीतून वाहणारे पेट्रोलही नळीच्या आतल्या बाजूला टेकत आणि सुटत जाते. म्हणजे तेही भारित होते, आणि पेट्रोल विजेचे अतिशय मंद वाहक आहे. मोटारीच्या दाराला हात लावल्यावर बोटाला झिणझिणी जाणवते, तेव्हा अंगावर साधारण तीन हजार व्होल्ट असतात. त्या ठिणगीची ऊर्जा अर्ध्या मिलिज्यूलच्या आसपास असते. पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असली, तर ती पेटायला सुमारे पाव मिलिज्यूल पुरतो. बोटाला जेमतेम कळणारी ठिणगी तिथे आग लावू शकते.

म्हणून टँकर रिकामा करण्याआधी त्याला अर्थिंगची तार चिमट्याने जोडतात. म्हणूनच पंपावरचा माणूस प्लॅस्टिकच्या बाटलीत किंवा कॅनमध्ये पेट्रोल द्यायला नकार देतो, तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नये. बाटलीवर आलेल्या भाराला जायला वाटच नसते. पत्र्याचा डबाही गाडीच्या डिकीत रबरी चटईवर ठेवून भरला, तर डबा धातूचा असूनही त्याची वाट अडते. तो खाली जमिनीवर ठेवावा, नळीचे धातूचे तोंड आधी डब्याच्या काठाला टेकवावे आणि भरून होईपर्यंत टेकवलेलेच ठेवावे.