खोटे वेखंड

वेखंड म्हटले की मराठी माणसाला तान्ह्या बाळाची न्हाणी आठवते. बाळाला न्हाऊमाखू घालून वेखंडाची पूड लावण्याची आपली चाल जुनीच आहे. या वेखंडाचा एक तोतया युरोपातील पाणथळ भूमीत उगवतो. त्याचीच ओळख आम्ही येथे करून देणार आहोत.

हा तोतया म्हणजे पिवळा आयरिस. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली त्याचे 'आयरिस स्यूडाकोरस' असे नामकरण केले. 'अकोरस' म्हणजे वेखंड आणि 'स्यूडो' म्हणजे खोटे. दोघांची पाने तलवारीच्या पात्यासारखी, दोघांचे आडवे कंद चिखलात पसरणारे. मग ओळखावे कसे? पान चुरगाळून हुंगावे. वेखंड घमघमते, आयरिस गप्प बसतो. फुले आली म्हणजे तर संशयच उरत नाही. वेखंडाला हिरवट कणीस येते, आयरिसला सोनेरी पिवळे फूल.

आयर्लंडपासून पश्चिम आशियापर्यंत आणि उत्तर आफ्रिकेतही नद्या-तळ्यांच्या काठी हे झाड एक ते दीड मीटर वाढते. खालच्या पाकळ्यांवरील तपकिरी रेषा भुंग्याला मधाची वाट दाखवितात. बिया हलक्या असल्याने पाण्यावर तरंगत दूरवर जातात.

स्कॉटलंडमध्ये याचा कंद लोहक्षाराबरोबर उकळून लोकरीसाठी काळा रंग करीत; शाईही करीत. कंदातील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाचा हा परिणाम. बिया भाजून कॉफीऐवजी वापरल्याचेही दाखले आहेत. मात्र ताजा कंद पोटात गेल्यास वांत्या व जुलाब होतात. नावावर भुलून त्याला वेखंडाच्या जागी बसवू नये. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर कॉर्नक्रेक नावाचा पक्षी वसंतात आफ्रिकेहून परततो. तेव्हा गवत अजून खुरटे असते, म्हणून तो आयरिसच्या दाटीतच दडतो. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी मुद्दाम केलेल्या दलदलीतही हे झाड लावतात, कारण ते पाण्यातील नत्र व स्फुरद शोषून घेते.

इतके गुण असलेले हेच झाड शोभेसाठी अमेरिकेत नेले, आणि ते बागेतून निसटून नदीकाठी पसरले. त्याच्या कंदांच्या घट्ट जाळ्याने तेथील मूळच्या वनस्पतींना जागा उरेना. आज वॉशिंग्टन व ओरेगन या राज्यांत त्याची गणना उपद्रवी तणांत होते. आम्हां भारतीयांस ही कथा नवी नाही. दक्षिण अमेरिकेची जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांसाठी आपल्याकडे आली, आणि आज मुळा-मुठेचे पाणी झाकून टाकते आहे.

वनस्पती स्वभावतः साधू नसते की चोर नसते. आपल्या गावी तिच्यावर जगणारे असतात, तसे तिला आवरणारेही असतात. परगावी तिला आवरणारे कोणी नसते. म्हणून आपल्या बागेतील हौदात परदेशी पाणवनस्पती हौसेने लावावी, पण नकोशी झाली म्हणजे ती नाल्यात कधीही टाकू नये. नाला नदीला मिळतो, आणि नदी काही परत पाठवीत नाही.