भरल्या ताटापुढची उपासमार

उपासमार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रिकामे ताट येते. म्हणूनच २०१८ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री’त प्रसिद्ध झालेला म्हैसूरच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. त्यात २६.०६ टक्के विद्यार्थ्यांचा कल आहारविकाराकडे झुकणारा आढळला. हा आकडा सावधपणे वाचला पाहिजे. ज्या ‘ईट-२६’ प्रश्नावलीवर तो आधारलेला आहे, ती २६ प्रश्नांची केवळ चाळणी आहे. २० किंवा अधिक गुण पडल्यास पुढील तपासणी करावी, इतकेच ती सांगते. चारांतील एक विद्यार्थी आजारी आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. तरीही दुर्लक्ष करण्याइतका तो लहान नाही. ज्या शहरात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून उभी आहे, तेथेच हा प्रश्न पुढे यावा, हा योगायोग बोलका आहे.

हे श्रीमंतांघरचे पाश्चात्त्य खूळ आहे, हा समज मला मान्य नाही. बंगळूरुतील ६६ मनोविकारतज्ज्ञांच्या पाहणीत (२०१२) सुमारे दोन-तृतीयांश जणांनी असा किमान एक रुग्ण पाहिल्याचे सांगितले होते. शिवाय आपल्याकडे या विकाराचा चेहरा वेगळा असू शकतो. १९९५ मध्ये भारतीय डॉक्टरांनी नोंदवलेल्या पाच तरुणी अन्न नाकारत होत्या, उलट्या करीत होत्या; मात्र जाड होण्याची ठळक भीती त्यांच्या बोलण्यात नव्हती. अशी मुलगी ‘पित्त झाले’ म्हणते, आणि घरचे लोक पोटाच्या डॉक्टरकडे धाव घेतात. नवा उपवास धरला, तर तिचे कौतुकच होते.

मग ओळखायचे कसे? आधी भात सुटतो, मग तूप, मग चारचौघांत जेवणेच सुटते. दुसऱ्यांसाठी हौसेने रांधणारी मुलगी स्वतः घासही घेत नाही. जेवण होताच न्हाणीघरात जाणे व नळ सोडून ठेवणे, दातांची झीज, बोटांच्या सांध्यांवरचे घट्टे, सतत थंडी वाजणे, चक्कर, पाळी बंद होणे, दुखापत असतानाही व्यायाम न थांबवणे, ही लक्षणे एकत्र दिसू लागली की थांबून विचारावे. मुलांमध्ये हेच वेड पीळदार शरीराच्या नावाखाली येते. बुलिमियात वजन बहुधा सामान्यच राहते. वारंवारच्या उलट्यांनी पोटॅशियम घटून हृदयाची लय मात्र बिघडू शकते.

येथेच धोरणाची मर्यादा उघडी पडते. २०१८ चे पोषण अभियान खुजेपणा, कमी वजन व रक्तक्षय यांवर लक्ष ठेवते, आणि ते आवश्यकच आहे. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात पोषण आणि मानसिक आरोग्य हे दोन्ही विषय आहेत, पण दोन वेगळ्या रकान्यांत. आहारविकार नेमका त्या रकान्यांमधल्या रेघेवर उभा असतो. वजनकाट्याबरोबर चार प्रश्न विचारण्याचे प्रशिक्षण शाळेतील आरोग्य तपासनीस, वसतिगृहाच्या अधीक्षिका आणि क्रीडाशिक्षक यांना देणे फार खर्चाचे नाही. ताट परत जाते हे प्रथम खाणावळीतच कळते, हेही ध्यानात असू द्यावे.

घरच्यांनी वजनावर टोमणे मारू नयेत, बळजबरीने भरवू नये. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घातल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकते. त्यामुळे अतिशय खंगलेल्या रुग्णाचा पहिला आहारही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू व्हावा लागतो.